कुणालाच न ओळखणारी अक्का

आमच्या थोरल्या अक्काइतकी शिष्ट बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, असं गेवराईच्या बाजारात कुणीही सांगेल. रस्त्यानं चालताना ती कुणालाही ओळख देत नाही. समोरून सख्खा काका येवो की शाळेतली मैत्रीण, अक्का नाकासमोर बघत निघून जाते. माझं बी-बियाण्याचं दुकान स्टँडच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे तिच्याबद्दलच्या साऱ्या तक्रारी माझ्या पदरात येऊन पडतात. "तुमच्या बहिणीला कशाचा एवढा गर्व हाय हो?" असं आधी विचारून मग गिऱ्हाईक कपाशीचं बियाणं मागतं. एकदा खुद्द आमची आई भाजीची पिशवी घेऊन रिक्षासाठी उभी होती. तिनं हात केला, अक्का सरळ पुढे निघून गेली. झालं! आई दुपारभर माझ्या गल्ल्याशेजारी बसून 'पोटच्या पोरीनं वळखलं न्हाई' हे पुराण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिली. आमचे भावोजी तर म्हणतात, "घराच्या बाहेर मी तिचा कुणी लागत न्हाई. घरात काय लागतो, ते तिला इचारून सांगतो."

यामागचं कारण तिनं मला एकदाच, चिडून सांगितलं. मनाच्या आजारांसाठी सरकारी दवाखान्याचं जे पथक गावोगाव फिरतं, त्यात अक्का आहे. तिच्याकडे असतात ती सतरा-अठरा वर्षांपासून पंचविशीपर्यंतची पोरं. कुणाला पहिल्यांदाच कानात आवाज यायला लागलेले असतात, कुणाला शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटत असतं. लवकर उपचार झाला की यांतली कितीतरी उभी राहतात, पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते नाव काही सुटत नाही. म्हणून पथकाचा नियमच आहे, की बाहेर पेशंटनं आधी हाक मारली तरच बोलायचं. अक्कानं त्या नियमाला आपलं डोकं लावलं. "मी सगळ्यांशी बोलले आन् त्याला तेवढं टाळलं, तर लोकांना कळणार न्हाई का? त्यापेक्षा कुणालाच बोलायचं न्हाई." एका पोराची अब्रू झाकायला तिनं सगळा तालुका वाळीत टाकला होता.

बाकी पेशंटच्या घरात शिरली की हीच मुकी बाई सुरू होते, आणि तिचा आवाज म्हणजे देवळातला भोंगा. आजारी पोरासमोर घरच्यांनी चढ्या आवाजात बोलू नये, टोमणे मारू नयेत, हे तिच्या कामातलं मोठं पथ्य. आता आमच्या भागात 'चहा घे' म्हटलं तरी भांडण लागल्यासारखं वाटतं! तरी अक्का एकेका घराला हळू बोलायला शिकवते. "हळू बोला! पोराला तरास होतोय!" हे ती इतक्या जोरात सांगते, की शेजारच्या गल्लीतलेही खालच्या आवाजात बोलू लागतात. एक माय म्हणाली, "मी लेकाला कपिलधारला देवाच्या पायावर घालायला नेणार." पथकातल्या नव्या डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. अक्का म्हणाली, "जावा की. देवाला कावून नाराज करता? फकस्त गोळी संगट घ्या, आन् वेळंवर द्या." आणि कानात आवाज येणाऱ्या पोराशी तिनं कधी वाद घातला नाही. "तुला ऐकू येतंय ते खरं, मला येत न्हाई ते बी खरं. आता मला सांग, जेवलास का?" एवढंच ती विचारते. पोरं तिच्यासमोर जेवतात, हे मी त्यांच्या आयांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

अशी गावोगाव हिंडणारी बाई घरात असल्यावर सोयरे काय स्वस्थ बसतात? लग्नाचं स्थळ आलं की चौकशीला आधी अक्का. पोरगा कसा, घर कसं, दारू-बिरू? अक्काचं उत्तर ठरलेलं. "मला कावून विचारता? पोरालाच विचारा." चांगल्या पोरालाही हेच आणि वाया गेलेल्यालाही हेच. त्यामुळे निम्मे सोयरे तिच्यावर कायम रुसलेले असत.

परवाच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाच्या पोरीची सुपारी फुटायची होती. स्थळ उमापूरचं. मी अक्काला मोटारसायकलवर घेऊन गेलो. बैठकीत सतरंज्या टाकल्या होत्या, पोहे फिरत होते, पाहुणे आले आणि नवरा मुलगा समोर येऊन बसला. उंच, सावळा, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा पोरगा. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि बशीत मान घातली. तेवढ्यात चुलतभावानं सगळ्यांदेखत विचारलं, "अक्का, तू तर उमापूरला जातीस. पोरगं कसं हाय, सांग बरं."

"मला कावून विचारतोस?" अक्का म्हणाली. "पोरगा म्होरं बसलाय. त्यालाच विचार."

उत्तर रोजचंच होतं, पण तिनं पोह्यांची बशी न खाताच खाली ठेवली. मला काही कळलं नाही. पोराला मात्र कळलं.

त्यानं बापाकडे पाहिलं. बाप डोळ्यांनीच 'गप बस' म्हणत होता. पोरगा म्हणाला, "ह्या ताई मला वळखतेत. पर सांगायच्या न्हाईत. म्हून मीच सांगतो. आमी ऊसतोडीला कारखान्यावर गेलतो, तवा मला लई तरास झालता. कुणी नसताना आवाज यायचे. मुकादम मला मारायला माणसं पाठवतोय असं वाटायचं. ताई घरी यायच्या. दवाखाना केला. आता बरा हाय, कामाला जातो. गोळी अजून चालू हाय. पोरीला कळल्याबिगर सुपारी फोडू नका."

मग चुलतभाऊ अक्कावरच उसळला. "घरची असून पोरीला खड्ड्यात ढकलत होतीस व्हय?" हा म्हणतो ते खोटं आहे असं मलाही त्या क्षणी छातीठोक सांगता आलं नसतं. उत्तर दिलं ते आमच्या पुतणीनं, आतल्या दारातून. "बाबा, ह्याच्याआधी जी स्थळं आली, त्यांच्यातलं कुणी काय सांगून गेलतं का? ह्यानं सांगितलं ना?"

सुपारी त्या दिवशी फुटली नाही. पुतणी स्वतः दवाखान्यात गेली, डॉक्टरांपुढे त्याच्या शेजारी बसून तिनं काय विचारायचं ते विचारलं, आणि उन्हाळ्यात लग्न लागलं. चुलतभाऊ पुढे कितीतरी दिवस अक्काशी बोलत नव्हता. आता जावयाचं कौतुक माझ्या दुकानात बसून तोच सांगतो.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. मागे बसलेली अक्का म्हणाली, "लई पोरं बरी झाली रे. रस्त्यात दिसतेत. कुणी दुकान टाकलंय, कुणी कॉलेजला जातंय. मनात येतं, थांबावं, पाठीवर हात फिरवावा. न्हाई थांबता येत. आज एकानं चारचौघात ताई म्हणलं." माझ्या बहिणीचा मला एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि ते तिला सांगायला मागे वळूनही बघता येत नव्हतं.

गेवराईत तिला स्टँडजवळ उतरवलं. दळणाचा डबा घेतलेली एक तरुण बाई समोरून आली. अक्का नाकासमोर बघत तिच्या शेजारून निघून गेली. ती बाई मात्र थांबली, वळली, आणि अक्का गल्लीत दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत उभी राहिली. ती कोण, हे मी अक्काला कधी विचारलं नाही.