टीव्हीचा आवाज बारीक करणारा

विंझरच्या रस्त्याला त्याचं चहाचं हॉटेल आहे. नाव मी लिहीत नाही, छापून आलं तर उगीच मिरवत बसायचा. गडी लई गोड बोलतो. आधी खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसतो, मग "आपलं कसं हाय, आबा" म्हणून सुरू होतो.

परवा टीव्हीवर वाद चालला होता, अल्पसंख्याक समाजाचा माणूस पंतप्रधान म्हणून लोकांना चालेल का? हा भर गर्दीत ओरडला, "न चालायला काय झालं? आपलं कसं हाय, आबा, तुमच्यातला बौद्ध माणूस हुबा ऱ्हाऊ द्या, पहिलं मत माझं!" बाकावरची माणसं खूश झाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला, माझ्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "आबा, सूनबाईंचा सरपंचाचा अर्ज मागं घ्या. औंदा जागा खुली हाय. तुमची राखीव येईल तवा आमीच निवडून देऊ की."

म्हणजे खुली जागा यांच्या घरची! माझी शाळा दुसरीत सुटली, पण खुली म्हणजे सगळ्यांची, एवढं मला कळतं.

"आवाज का रं बारीक केलास?" मी म्हणालो. "दिल्लीचं वरडून सांगितलंस, गावचंबी तसंच सांग. ऐकू दे समद्यांना."

तो पुसलेलंच टेबल पुसत राहिला. अर्ज मागं घ्यायची मुदत त्याच दुपारी संपत होती. ती संपेपर्यंत मी त्याच्यासमोरच बसलो, आणि वर आणखी एक चहा मागवला.