व्हिसाचं गाऱ्हाणं

आचऱ्याच्या आसपासच्या गावांतून परदेशी गेलेला एकही माणूस माझ्या चुलतसासऱ्यांना कागद दाखवल्याशिवाय गेलेला नाही, आणि जो गेला तो महिन्याभरात परत आला, असं ते स्वतःच सांगतात. काकांचा व्हिसाशी तसा काही संबंध नाही. ते शेतकरी. पासपोर्ट त्यांनी आयुष्यात काढला नाही आणि गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून गेले ते फक्त काकींच्या आजारपणात, गोव्याच्या इस्पितळात. पण ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे आहे. माणसाने नारळ आणायचा, काकांनी तो देवापुढे ठेवून त्याचं म्हणणं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. पूर्वी गाऱ्हाणी गुरांची, आजारपणाची, लग्नाची असत. आता निम्मी तरी व्हिसाची असतात.

काकांचं ठाम मत असं, की देव कामं करतो, पण सांगितली तेवढीच करतो. वाडीतल्या एका वेल्डरसाठी त्यांनी एकदा ‘परदेशात कामाक लागांदे’ एवढंच मोघम गाऱ्हाणं घातलं होतं. तो लागलाही, पण वाळवंटातल्या कुठल्याशा छावणीत भांडी घासायला. परत आल्यावर तो तक्रार घेऊन आला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “देवान तुझां काम केल्यान. कसलां तां आपण सांगूक नाय.” त्या दिवसापासून काका तपशिलाच्या मागे हात धुऊन लागले. कुठल्या देशाला बायकोमुलांना न्यायला किती पगार लागतो, घरभाड्याचा करार कुणाच्या नावावर हवा, मुलगा किती वर्षांचा होईपर्यंत बापावर अवलंबून मानला जातो, हे सगळं त्यांनी तडा गेलेल्या मोबाइलवर वाचून पाठ केलं. मग देवापुढे अर्जाचा नंबर आकडा आकडा सुटा करून सांगितला जाऊ लागला आणि “वेल्डर म्हणान, म्हाराजा, हेल्पर न्हय!” असा खुलासाही होऊ लागला.

कागद अपुरे असले तर काका नारळाला हातच लावत नाहीत. देवबागचा एक जण जहाजावरच्या नोकरीसाठी आला, तेव्हा त्याच्या पासपोर्टची मुदत पाच महिने उरली होती. “सा म्हयने व्हये. देवाक कित्याक खोट्यात पाडतस? नवो करून घे, मगे ये. नारळ ऱ्हवांदे हंयच,” म्हणून त्यांनी त्याला देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं. मालवण बंदरावरचे एक चाचा आपल्या सुनेचे कागद घेऊन येत. प्रार्थना ते आपल्या दर्ग्यात करणार, पण तपासणी मात्र काकांकडेच. काका त्यांनाही बजावून सांगत, “थंयसर पण नंबर सांगा हां!”

माझा नवरा मस्कतला. तीन वर्षं मी आणि आमची सई इथे, तो तिथे. सई फोनच्या काचेला बाबा म्हणायला शिकली याचं सगळे कौतुक करत, मला मात्र ते ऐकून रडू यायचं. शेवटी त्याची कागदपत्रं जमली आणि आमचा अर्ज गेला. सईच्या फोटोत कान दिसायला हवे होते, म्हणून काका पांढऱ्या चादरीमागे उकिडवे बसून तिचे केस मागे धरून होते. फोटो सुंदर आला, फक्त सईच्या मानेजवळ म्हाताऱ्या माणसाची दोन बोटं उगवली होती. तो पुन्हा काढावा लागला. काकांना मूलबाळ नाही, काकीही गेल्या. त्यांचं घर आमच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला लागून, आणि सईचा दिवस त्यांच्याकडे पेज जेवण्यापासून सुरू होई.

अर्ज परत आला. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव सुप्रिया आणि लग्नाच्या दाखल्यावर सायली. ही एकच बाई कशावरून, असा सवाल होता. हे नाव काकांनीच सुचवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने ते लिहिलं, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तेच होते. मी चिडलेच होते. जगाचे कागद चारचारदा तपासणाऱ्या माणसाला घरातली एवढी ढोबळ चूक दिसू नये? मी तसं तोंडावर विचारलं. काका बराच वेळ सईच्या चपलेचा पट्टा लावत राहिले. मग म्हणाले, “तुमची फाइल मी उघडूकच नाय गो. बघूचां मनच झालां नाय.” माझा राग तिथेच विरघळला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

पण त्यानंतर काकांनी कंबर कसली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव छापणं, नवा दाखला, सगळीकडे ते माझ्याबरोबर आले. कचेरीत शिरताच त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी होई. “सदर सुनेचे नामांतर अस्मादिकांच्या उत्साहामुळे घडले आहे,” असं त्यांनी कारकुनाला सांगितलं, तेव्हा तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. स्वतः दिलेलं नाव कागदांवरून पुसायला काकांनी चार खेपा घातल्या. घरात मात्र मला सायलीच म्हणत राहिले.

सगळं जुळल्यावर एका सकाळी आमचं गाऱ्हाणं घातलं. वाडीतली दहाबारा माणसं जमली. काकांनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ही आमची सून. पासपोर्टार सुप्रिया, आमच्या घरात सायली. बायलमाणूस एकच, म्हाराजा, घोळ माझो!”

“व्हय म्हाराजा!”

“तिच्यावांगडा चेडू सई, वय वर्सां पाच, बापाशीवर अवलंबून. दोघांकाय सुखरूप पोचव, बापाशीच्या मांडयेर नेऊन बसव.”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. लोक नारळ फोडायची वाट बघत होते. काका हात जोडूनच उभे राहिले. मग इतका वेळ देऊळ दणाणून सोडणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“व्हिसो दोन वर्सांचो आसा, म्हाराजा. मगे चेडू सुट्टीक येतलां. तवसर माझीय मुदत वाडवून दी.”

“व्हय म्हाराजा!” माणसं सवयीने म्हणून गेली. सगळ्यांत मोठा आवाज सईचा होता.