धाकटीचा मुखवटा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की घरात एकटा असूनही मी आधी इकडेतिकडे पाहून घेतो, कोणी हसत तर नाही ना.

तेव्हा मी धारला टी.आय. होतो, म्हणजे ठाण्याचा मुख्य. तर्कशुद्ध तपासाबद्दल माझी ख्याती होती; ती मीच पसरवली होती. महालक्ष्म्या बसायला चार दिवस असताना एक मराठी प्राध्यापक ठाण्यात आले. त्यांच्या देवघरातून महालक्ष्मीचा चांदीचा मुखवटा गेला होता. थोरली जागेवर, धाकटी गायब. एफआयआर झाली, रोजनामच्यात नोंद झाली, पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली खुंटीला. प्राध्यापकांच्या वृद्ध आई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांना मी वाकून नमस्कार केला, पण त्यांचा जबाब घेतला नाही. सणाच्या तोंडावर वडीलधाऱ्या बाईला पोलिसी प्रश्न कसे विचारायचे? संस्कार आड आले.

दुसऱ्या दिवशी मुखबिराची खबर आली. "साहब, उनके यहाँ की बर्तनवाली बाई देवास की बस में बैठी थी। गोद में पोटली, ऐसे पकड़े थी जैसे बच्चा हो।"

बाई मूळची निसरपूरची, गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर धारला आलेली. महिला शिपायाने तिला ठाण्यात आणलं. माझ्या वहीत तीन मुद्दे तयार होते: किल्ली माहीत, घरात वावर, पोटली. चौथा तिने स्वतःच दिला. ती बोलेना.

"देवास क्यों गई थी?"

"काम थो, साब।"

"किसका?"

"नी बताऊँ।"

"मतलब चोरी की?"

"चोरी नी करी। कसम है, बस।"

आमचे दीवानजी, नोकरीत पिकलेले हवालदार, मला बाहेर घेऊन गेले. "सर, मन नी मान रियो। चोर इत्तो सीधो नी बैठे।"

"दीवानजी, मन कोर्ट में पेश नहीं होता।"

या वाक्यावर मी इतका खूश झालो की ते वहीत लिहून ठेवलं. उद्या बाईला कोर्टात हजर करायचं ठरलं. तिच्या दोन लहान मुली शेजारणीकडे होत्या. ते मात्र वहीत लिहिलं नव्हतं.

दुपारी घरी जेवताना बायकोला सगळं ऐटीत सांगितलं. पोळी वाढता वाढता ती थांबली. "एकच नेला?"

"घाईत असेल."

"अहो, शेजारीशेजारी ठेवलेली जोडी. चोर दोन्ही नेईल. धाकटी चोरीला नाही गेली, तिला कोणीतरी पाठवलंय."

"कशावरून?"

"कशावरून काय! वाटतं. त्या घरातली धाकटी कुठे असते ते विचारा."

मी हसलो. पण ताट बाजूला सारलं.

तसाच उठून प्राध्यापकांकडे गेलो. या वेळी आजींसमोर बसलो आणि म्हणालो, "आजी, बाईला उद्या कोर्टात उभी करणार. जेल होईल."

वात वळणारा हात थांबला. "कुठली बाई? आमची? ती तर नातेवाइकांकडे गेलीय, असं हा म्हणाला ना?" प्राध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले.

"आधी तिला सोडा," आजी म्हणाल्या. "मुखवटा मी दिलाय, शपथ घालून."

मग सगळं बाहेर आलं. आजींची धाकटी मुलगी, प्राध्यापकांची बहीण, देवासला होती. तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं. "धाकटीवाचून महालक्ष्म्या बसत नाहीत," आजी म्हणाल्या. "वाटलं, हा मला विचारेल, आई, मुखवटा कुठे? मी सांगेन, देवासला, जा, दोघींना घेऊन ये. पण याने मला विचारलंच नाही. याने तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत? नमस्कार करून गेलात!"

मी बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "माँजी ने बोल दियो? तो ठीक। अब घरे जाऊँ, साब? छोरियाँ बाट देखे।"

देवासला प्राध्यापक स्वतः गेले. महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मी साध्या कपड्यांत तिथे होतो. धाकटी मुलगी मुखवटा हातात धरून कुंकवाच्या पावलांवरून आत आली. मागे ताट वाजवत होती ती हीच बाई. आजींनी आधी मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, मग देवीच्या.

गुन्हा घडलाच नाही, म्हणून प्रकरण बंद करणारा खारिजी रिपोर्ट लावला. घरी येऊन बायकोला सांगितलं, "तपासात निष्पन्न झालं की मुखवटा आईनेच पाठवला होता."

"अगबाई, तपासात का!" असं म्हणून तिने ताक वाढलं.

माझे तिन्ही मुद्दे सोळा आणे खरे होते, आणि त्यांच्या आत एक निरपराध बाई बसली होती. बायकोच्या 'वाटतं' मध्ये जोडीचा साधा हिशेब होता, जो मला सुचला नव्हता. पण चोर नसला तर कोणीतरी पाठवलीय, हे तिला कुठून कळलं?

तिला जाऊन चार वर्षं झाली. मी आता देवासला एकटा असतो, आणि महालक्ष्म्या आल्या की हाच तपास पुन्हा उघडतो. तिचं माहेर अमझेऱ्याला, धारहून जीपने तासाभराचं. चार बहिणींत ती सगळ्यात धाकटी. दर सणाला माझा बंदोबस्त, दर सणाला माझं "पुढच्या वर्षी नक्की". ती पिशवी भरायची, आणि दोन दिवसांनी साड्या घड्या न मोडता परत कपाटात जायच्या. मी ते पाहत होतो. एवढा तर्कशुद्ध अधिकारी तिच्यासमोर बसून रोज जेवत होता, आणि त्याने तिला एकदाही विचारलं नाही.