पाच नंबरच्या कार्डावरचा दहा

तारापूरमध्ये प्रेमलाला सगळे ‘बंदूकवाली वैनी’ म्हणायचे. ती बंदूक नव्हे, हवेच्या दाबावर चालणारी छर्‍यांची रायफल आहे, हे ती सुरुवातीला हौसेनं समजावायची. पुढे तिनं तो नाद सोडला. खरं तर नाव आवडलंच होतं तिला. माहेर सफाळ्याकडचं. भातावरची पाखरं गोफणीनं हाकलण्यात लहानपण गेलेलं. लग्नानंतर ती बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि तिथून जवळच, एका रिकाम्या गोदामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दामूसर नावाच्या निवृत्त फौजींनी आठ लेनचा रायफल क्लब काढला. प्रेमला चौतिसाव्या वर्षी गंमत म्हणून तिथे गेली. पहिल्याच दिवशी तिनं दहापैकी सहा छर्रे काळ्या गोलात घातले, आणि दामूसरांनी तिला घरी जाऊच दिलं नाही.

क्लबची एक फिरती ढाल होती. सागवानी लाकडाची, खाली छोट्या पितळी पट्ट्या, दर वर्षीच्या विजेत्या बाईचं नाव कोरलेल्या. ओळीनं पाच पट्ट्यांवर एकच नाव होतं. म्हणायला फिरती, पण पाच वर्षं ती प्रेमलाच्या घरातल्या टीव्हीवरच्या फळीवरून हलली नव्हती. आला-गेला आधी ढाल बघायचा, मग पाणी प्यायचा. सासूबाई, गोदूबाई, पदरानं ती पुसायच्या आणि सांगायच्या, “आमच्या थोरलीची हाय.”

मग धाकट्या दिराचं, चिरागचं लग्न झालं आणि रूपल घरात आली.

रूपलला क्लबात नेलं ते प्रेमलानंच. नको तिथे मोठेपणा करायची हौस, दुसरं काय! आपलं जॅकेट तिला घातलं, खांद्याशी रायफल कशी टेकवायची, श्वास कुठे थांबवायचा, सगळं हातचं न राखता शिकवलं. आणि ही पोर दोन वर्षांत जिल्ह्याचं पदक घेऊन आली, मग विभागाचं. गावातल्या मुलांनी नाक्यावर रूपलच्या फोटोचा फलक लावला, ‘तारापूरची सुवर्णकन्या’. पाच वर्षांत प्रेमलाचा पासपोर्टएवढा फोटोसुद्धा कुणी कुठे चिकटवला नव्हता. रोज कामावर जाताना रिक्षा नेमकी त्या फलकासमोर थांबायची. प्रेमला पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. रूपलची भाकरी फुगली तरी तिला राग यायचा. रूपल ‘ताई, ताई’ करत मागे फिरली की वाटायचं, ही मुद्दाम गोड वागते. एक दिवस गोदूबाईंनी रूपलची पदकं लटकवायला ढाल थोडी बाजूला सरकवली. नीट बघितलं तर चार बोटं. प्रेमला दोन दिवस सासूशी धड बोलली नाही.

यंदाच्या ढालीच्या स्पर्धेत चार नंबरच्या लेनवर प्रेमला आणि पाच नंबरवर रूपल आली. प्रत्येकी चाळीस छर्रे, प्रत्येक छर्‍याला नवं कार्ड. कार्ड दोरीनं दहा मीटर पुढे पाठवायचं, मारून झालं की परत ओढून घ्यायचं. ढाल कुणीही जिंकली तरी त्याच घरात, त्याच फळीवर राहणार होती. फक्त सहाव्या पट्टीवर नाव कोणाचं, एवढाच प्रश्न होता. आणि त्या प्रश्नानं प्रेमलाची आठवडाभराची झोप उडाली होती.

नेम धरताना शेजारचं दिसू नये म्हणून नेमबाज डोळ्याच्या कडेला एक पट्टी लावतात. दामूसर तिला झापड म्हणायचे. “झापड लाव, शेजारी काय शिजतंय ते बघू नकोस,” हा त्यांचा पहिला धडा. प्रेमलानं तो रूपलला शब्दशः शिकवला होता. त्या दिवशी मात्र दहाव्या छर्‍यानंतर तिनं स्वतःचीच झापड दुमडून टाकली. रूपलचं कार्ड परत आलं की ही तिरक्या नजरेनं आकडा बघायची. आपले गुण आणि तिचे गुण, दोन्ही तोंडपाठ. एकोणचाळीस छर्रे झाले तेव्हा रूपल एका गुणानं पुढे होती.

शेवटचा छर्रा. रूपलनं मारला, रायफल टेकवली आणि कार्ड ओढायच्या आधी कपाळाचा घाम पुसायला लागली. कार्ड तिथेच लोंबत राहिलं. किती पडला असेल? प्रेमलाची नजर त्या कार्डावरून हलेना. तशीच तिनं रायफल उचलली, श्वास थांबवला, चाप ओढला. छर्रा असा सुटला की आतूनच कळलं, दहा!

तिनं दोरी ओढली. कार्ड कोरं होतं.

तेवढ्यात शेजारून रूपलचा आवाज आला, “सर, जरा इकडं या. माज्या कार्डावर दोन भोकं हायत.”

आपला छर्रा कुठे गेला ते प्रेमलाला कळलं. पण हात हुशार निघाले. कोरं कार्ड त्यांनी गुपचूप परत पाठवलं, रायफलमध्ये नवा छर्रा घातला.

दामूसर आले. “शेजारच्या दोघींपैकी कुणाचा छर्रा इकडे आलाय?”

सहा नंबरची मेघाली म्हणाली, “माजे चाळीस कवाच झाले, सर. समदी कार्डं तुमच्याकडं हायत.”

“प्रेमला, तुझा?”

“माजा शेवटचा बाकी हाय,” प्रेमला म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

“मग नियम नियम आहे. कुणाचाच नसेल तर रूपलनं जादा मारला असं धरून मोठा आकडा ठेवायचा आणि त्यातून दोन गुण कापायचे.”

प्रेमलाचा हिशेब झाला होता. रूपलची एका गुणाची आघाडी अधिक दहा, वजा दोन, म्हणजे नऊ. नऊ मारला तरी बरोबरी, दहा मारला तर ढाल. वेळ अजून सहा मिनिटं होती. तिनं रायफल खांद्याला लावली.

पण दामूसर कार्ड उजेडात धरून बघत होते. “एक आठ आहे. पण हा दुसरा बघा! बरोबर ठिपक्यावर. या शेडमध्ये असा दहा मी पाहिला नाही. रूपल, कमाल केलीस!”

मेघालीनं मोबाइल काढून कार्डाचा फोटो घेतला. चार जणी जमल्या. “काय दहा मारलाय पोरीनं!” रूपल नुसती हसत उभी होती.

आणि प्रेमलाचा जळफळाट झाला. ढाल, पट्टी, दोन गुण, सगळं विसरली ती. आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम तिनं मारला होता आणि त्याचेही फोटो हिच्या नावावर निघत होते!

“तो दहा माजा हाय!” ती ओरडली. “माजा छर्रा चुकून तिकडं गेला. आठ तिचा हाय, दहा माजा!”

दामूसरांनी दोन्ही भोकं पुन्हा उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, “कुठलं भोक कुणाचं हे सिद्ध होत नाही. अशा वेळी ज्याचं कार्ड, त्याला मोठा आकडा. रूपलला दहा, कापाकापी नाही. तुझा छर्रा दुसर्‍याच्या कार्डावर गेला, म्हणून तुला शून्य.”

प्रेमला अकरा गुणांनी हरली.

परतीच्या रिक्षात दोघी शेजारी बसल्या. ढाल रूपलच्या मांडीवर. चिंचणी गाव मागे पडलं.

“ताई,” रूपल हळूच म्हणाली, “दहा तुमचाच व्हता. माजा आठ गेला, ते मला चाप ओढतानाच कळलं.”

प्रेमला गर्रकन वळली. “मग सरांसमोर का नाय बोललीस?”

रूपलनं ढालीवरच्या पाच पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि सहाव्या रिकाम्या जागेवर थांबवलं.

“तुमी दुसरा छर्रा भरत व्हता ना,” ती म्हणाली, “तवा मी तुमच्याकडंच बगत व्हते. माजी पण झापड दुमडलेलीच व्हती.”