मावशींच्या भाकरीवरची मांदेली

मंगळवार, आठवडी बाजार. हजर : मी, माझी यादी आणि सुक्या मासळीवाल्या मावशी.

मावशी आधी एक मासा वाकवून बघतात. कटकन मोडला तरच तागडीत टाकतात.

"वडील तापातून उठलेत, जेवत नाहीत. मांदेली मागितलीय," मी म्हणाले.

मांदेली वाकली, मोडली नाही.

"दमट हाय, ताई. आजारी माणसाला न्हाय द्याची."

त्यांनी टोपली झाकली, स्वतःच्या जेवणाचं फडकं सोडलं आणि भाकरीवरची भाजलेली मांदेली माझ्यासाठी कागदात बांधली.

"अहो, तुम्ही काय खाणार?"

"चटणी हाय की!"

घरी वडिलांनी त्या मांदेलीबरोबर अख्खी भाकरी खाल्ली. यादीतलं सगळं खोडून झालंय. मावशींना हे सांगायचं तेवढं राहिलंय.