लांडगा जिवंत ठेवा

मी बावन्न वर्षांचा आहे. मला पोट आहे, मिशी आहे, चारकोपला वन बीएचके आहे, आणि ऑनलाइन खेळात मी पाठीला पोक आलेली, नाकावर चामखीळ असलेली एक चेटकीण आहे. हे शेवटचं वाक्य मी कुठेही मोठ्यानं म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा बघतो. माझी फार जुनी करमणूक आहे ती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजारो माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून एकाच जगात हिंडतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. चार-पाच जणांची टोळी करायची, गुहेत शिरायचं, राक्षस मारायचा. पोरंसोरं सगळी योद्धे होतात. मी चेटकीण झालो, कारण आमच्या चाळीतल्या गणपतीच्या नाटकांत मी सोळाव्या वर्षापासून सासवा केल्या आहेत. नऊवारी नेसून स्टेजवर गेलो की पुढच्या रांगेतल्या खऱ्या सुना दचकायच्या. ते सुख माणूस विसरत नाही.

आमची टोळी चौघांची. मी म्हातारी. मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवणारी बाई आमची तलवारवाली. शाळेत आवाज चढवता येत नाही म्हणून ती रविवारी राक्षसांवर चढवते. तिसरा जोगेश्वरीचा, घरोघर पार्सलं पोचवणारा. तो बाणवाला. आणि चौथे वैद्यबुवा. निवृत्त गृहस्थ, साठीच्या पुढचे, आवाज घडा वाजवल्यासारखा. आम्ही जखमी झालो की मंत्र टाकून बरं करायचं हे त्यांचं काम. एकटे राहतात, एवढं त्यांनी एकदा कुकर लावता लावता सांगितलं होतं. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, कारण मीच तसा नियम केला होता. आमचे तालीममास्तर फार कडक. एकदा राजाला प्रधानानं स्टेजवर घरच्या नावानं हाक मारली, तर विंगेतून चप्पल आली होती. तोच नियम मी टोळीला लावला. वेश चढला की घरचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. जो चुकेल त्यानं पुढचा अख्खा डाव राक्षसासमोर नाच करायचा. बाणवाला एकदा चुकला आणि नाचला. फक्त त्याचा नंबर त्या वेळी कळला तो माझ्याकडे राहिला. दोन वर्षं आम्ही दर रविवारी भेटलो, आणि वैद्यबुवांचं नाव मला ठाऊक नव्हतं. याची मला ऐट वाटायची.

दुसरी प्रथाही माझीच. कोकणात कुठलंही काम काढायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मी गुहेत शिरण्याआधी घालू लागलो. पहिल्याच दिवशी वैद्यबुवा म्हणाले, "थांब गं म्हातारे. मी बौद्ध माणूस. तुझ्या देवापुढे मी मान हलवणार नाही."

"मग काय करू?"

"देव वजा कर आणि घाल."

मी खेळ चालवणाऱ्या सर्व्हरला गाऱ्हाणं घातलं. "बा सर्व्हरा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां गुहेत उतरतत. तेंचा नेट तुटाक नको, लाइट जावक नको, आणि मधीच कोणाची बायल हाक मारूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज वैद्यबुवांचा. त्यांचं गाव, हे पुढे कळलं, तिकडे बुलढाण्याच्या बाजूला, मालवणीशी संबंध शून्य. पण तो "व्हय" असा यायचा की माझ्या हेडफोनच्या तारा हलाव्यात. "सर्व्हर चालेल," ते म्हणाले. "तो बंद पडतो हे तरी सगळे कबूल करतात."

आता तो रविवार. सकाळचे अकरा वाजले होते. बायको पोहे करत होती. मी गाऱ्हाणं घातलं. तलवारवालीचं "व्हय म्हाराजा" आलं, बाणवाल्याचं आलं. तिसरं आलं नाही.

"वैद्यबुवा, झोपलात काय?"

पडद्यावर त्यांचं पात्र उभं होतं, पांढरी दाढी, हातात काठी, गुहेच्या तोंडाशी. दोनच मिनिटांपूर्वी त्यांनी मला "काय गं, आज अंबाड्यात फूल?" म्हणून चिडवलं होतं. त्यानंतर खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला होता. मला वाटलं, चहा आणायला उठले असतील.

"काका माइक चालू ठेवून गेलेत," तलवारवाली म्हणाली. "ऐका ना जरा."

आम्ही गप्प झालो. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग त्या घरघरीच्या खालून दुसरी घरघर. ती पंख्याची नव्हती. घोरण्यासारखी, पण मध्येच अडकणारी. अडकायची, आम्ही तिघं श्वास धरायचो, आणि मग ती ओढल्यासारखी पुन्हा सुरू व्हायची.

मी नाटकात भीती पुष्कळ केली आहे. डोळे मोठे करायचे, हात छातीशी न्यायचा, एक पाऊल मागे. खरी भीती आली तेव्हा यातलं काहीही झालं नाही. माझी बोटं गार पडली आणि पोह्यांचा वास नकोसा झाला. एवढंच.

"काका पडलेत," तलवारवाली म्हणाली. "माझे सासरे असेच पडले होते. हा आवाज मला माहीत आहे. पत्ता सांगा कोणीतरी. लवकर!"

कोणाकडेच पत्ता नव्हता. माझ्या नियमाप्रमाणे.

बायकोनं माझं तोंड बघूनच फोन उचलला आणि पोलिसांचा मदतीचा नंबर लावून माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस शांत होता.

"नाव सांगा, ज्यांना त्रास होतोय त्यांचं."

"नाव माहीत नाही."

"पत्ता?"

"मुंबईत. बहुतेक उपनगरात."

"तुमचे कोण लागतात?"

"दोन वर्षं आम्ही दर रविवारी राक्षस मारतो."

मग त्यानं चांगल्या आवाजात सांगितलं की साहेब, पत्ता मिळाला की लगेच फोन करा, गाडी पाठवतो. त्याची काय चूक? मी त्याच्या जागी असतो तर फोन ठेवून चार जणांना हा किस्सा सांगितला असता.

तेवढ्यात बाणवाला ओरडला, "यार, दहा मिनिटं!"

हे समजून घ्या. आमच्या खेळात कोणी दहा मिनिटं काहीच केलं नाही तर खेळ त्याला बाहेर काढतो. बाहेर काढला की माइक बंद. म्हणजे तो श्वास बंद. आणि आम्हाला त्या माणसाबद्दल जे काही कळणार होतं ते त्या माइकमधूनच. सहा मिनिटं गेली होती.

(खेळ बनवणाऱ्या मंडळींनो, तुम्ही दर महिन्याला मला विचारता, अनुभव कसा वाटला, काही सूचना आहेत का. नवे मुकुट नकोत. नवा ड्रॅगनही राहू द्या. आमच्यातला कोणी गप्प झाला तर त्याच्या घरच्या माणसाला हाक जाईल असं एक बटण द्या. कोणाला हाक मारायची ते ज्याचं त्यानं आधीच भरून ठेवावं, आम्हाला दिसू नये. वेशही मोडणार नाही.)

"लढाईत असलेल्या माणसाला बाहेर काढत नाही," तलवारवाली म्हणाली. गणिताची बाई, नियम तोंडपाठ. "काकांवर काहीतरी सोडा. काहीतरी छोटं."

ती झुडपांत पळाली आणि एक लांडगा मागे लावून घेऊन आली. हडकुळा, पहिल्या पायरीचा, ज्याला आम्ही चालता चालता लाथेनं मारतो. तो आणून तिनं वैद्यबुवांसमोर उभा केला आणि स्वतः बाजूला झाली. लांडगा वैद्यबुवांना चावू लागला.

आता काम माझं. पात्र मेलं तरी खेळ बाहेर काढतो. तेव्हा लांडगा चावत राहायला हवा आणि वैद्यबुवा मरता कामा नयेत. चेटकिणीकडे एकच बरं करणारा मंत्र असतो, तोही रडका. तो मी टाकत राहिलो. लांडगा चावला की त्यांच्या डोक्यावरची हिरवी पट्टी कमी व्हायची, मंत्र टाकला की थोडी भरायची. चाव, मंत्र. चाव, मंत्र. आणि कानात ती घरघर, अडकणारी.

"लांडग्याला हात लावू नका कोणी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. ना सासूचा, ना चेटकिणीचा.

बाणवाला म्हणाला, "सगळे चूप. बाहेरचा आवाज ऐका."

डोक्यावरून विमान गेलं. फार खालून, वैद्यबुवांच्या खिडकीची काच थरथरलेली आम्हाला ऐकू आली. थोड्याच वेळात दुसरं गेलं. म्हणजे विमानं उतरतात त्या बाजूला, विमानतळाच्या पूर्वेला, साकीनाका ते घाटकोपर. मग लांबून लाउडस्पीकर आला. बाया-पुरुषांच्या आवाजात त्रिशरण चाललं होतं; रविवारची बुद्धवंदना. ती संपली आणि एक माणूस माइकवर खाकरला.

"सूचना. इमारत क्रमांक सातच्या गेटसमोर पाण्याचा टँकर आला आहे. ज्यांची पांढरी गाडी मध्ये आहे त्यांनी ती ताबडतोब काढावी."

"नंबरवाली बिल्डिंग," बाणवाला पुटपुटला. "वसाहतीत विहार, वरून विमान... अशा दोन कॉलन्या आहेत घाटकोपरला, माझ्याच रूटवर. एकीत ए, बी, सी आहे. दुसरीत नंबर. दुसरीच! थांबा, वॉचमन!"

पार्सलवाली माणसं वॉचमनचे नंबर ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. घरी कोणी नसलं की पार्सल त्याच्याकडे टाकायचं असतं ना. त्यानं दुसऱ्या फोनवरून नंबर लावला, आणि आम्हाला त्याची बाजू ऐकू येत राहिली.

"भाई, मैं पार्सलवाला. तुम्हारे उधर एक अंकल गिरे हैं घर में... नाम नहीं मालूम... अकेला रहता है... रिटायर... कौनसी बिल्डिंग पता नहीं, यार!"

चाव, मंत्र. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती. माझी मंत्रशक्ती पट्टीपेक्षा लवकर संपत होती.

"कॉम्प्युटर पे बात करता है," बाणवाला हताश होऊन म्हणाला. "संडे को."

मग तो एकदम ओरडला, "हां हां, वोही! वोही चिल्लाता है!"

नंतर बाणवाल्यानं आम्हाला सांगितलं, वॉचमननं विचारलं होतं: वो, जो हर संडे "व्हय म्हाराजा" चिल्लाता है? पांच नंबर, चौथा माला. सगळी कॉलनी त्यावरून त्यांची थट्टा करायची. अहो, वंदनेच्या वेळी हे काय, म्हणून विहाराच्या कमिटीनं एकदा समजही दिली होती.

बायकोनं पोलिसांना पत्ता दिला. बाणवाल्यानं बाइकची किल्ली उचलली. किल्लीचा आवाज आला आणि त्याचं पात्र गुहेच्या दाराशी तसंच उभं राहिलं, बाण ताणून.

त्यानंतरची मिनिटं मी कोणाला सांगताना नेहमी लांबवतो. इथे नाही लांबवत. लांडगा चावत होता. मी मंत्र टाकत होतो. तलवारवाली हळू आवाजात वैद्यबुवांशी बोलत होती, वर्गातल्या घाबरलेल्या मुलाशी बोलावं तसं, "आलेच हं काका. जिना चढतायत." त्यांचा हेडफोन कुठे पडला होता कोण जाणे. त्यांना ऐकू जात होतं की नाही, हेही ठाऊक नाही.

दारावर थापा पडल्या. हाका आल्या, आणि हाकांमध्ये त्यांचं खरं नाव आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते ऐकलं. साधंच नाव होतं. मग लाकूड मोडल्याचा आवाज, पुष्कळ पावलं, आणि कुणा शेजारणीची किंकाळी. "अगं बाई, गेले गं काका!"

माझा हात माउसवर होता तसाच राहिला.

"अहो, तो कॉम्प्युटर काय बडबडतोय, बंद करा आधी!" कोणीतरी म्हणालं. तलवारवाली आमच्या बाजूनं जिवाच्या आकांतानं ओरडत होती, बंद करू नका, बंद करू नका, ते जिवंत आहेत का सांगा. खट्.

वैद्यबुवांचं पात्र पडद्यावरून नाहीसं झालं. लांडगा रिकाम्या जागेकडे बघत थोडा उभा राहिला आणि वळून माझ्याकडे आला. मी त्याला चावू दिलं.

घरात बायको माझ्या खुर्चीमागे उभी होती. तलवारवाली माइकवर रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "काय मूर्ख नियम केला होतास रे तू. नाच काय, चप्पल काय." मी ऐकून घेतलं. आणखी पाऊण तास असा गेला. एवढा वेळ मी गप्प बसल्याची नोंद आमच्या घरात दुसरी नाही.

फोन वाजला. बाणवाला. मागे सायरन.

"श्वास चालू आहे," तो म्हणाला. "ॲटॅक मेंदूचा आहे म्हणतात. मी गाडीत बसलोय त्यांच्याबरोबर. हे लोक विचारतायत, तू पेशंटचा कोण? काय सांगू रे?"

"भाचा सांग."

"भाचा," तो तिकडे म्हणाला. "हां, सख्खा."

वैद्यबुवा वाचले. सतरा दिवस दवाखान्यात होते. डावा हात अजून धड चालत नाही. त्यामुळे मंत्र हळू पडतात आणि आम्ही गुहेत वरचेवर मरतो. आमच्या चौघांच्या नावांचा, पत्त्यांचा, घरच्यांच्या नंबरांचा कागद आता चारही घरांत फ्रिजवर आहे. विहाराच्या कमिटीचाही नंबर त्यात आहे. वैद्यबुवा परतले तेव्हा मला वाटलं होतं, आता भीती संपली.

ती संपलेली नाही. रविवारी ते बोलता बोलता दोन क्षण थांबले की माझी बोटं गार पडतात. परवाच तसं झालं. मी ओरडलो, तलवारवाली ओरडली, बाणवाल्यानं किल्ली उचलल्याचा आवाज मी ऐकला.

"अरे, पाणी पितोय!" हेडफोनमधून घडा वाजला. "माणसाला घोटभर पाणी पिऊ द्याल की नाही?"

"प्या ना," मी म्हणालो. "पण आवाज करत प्या."