रेसमध्ये ब्रेक दाबणारे अप्पा

या वयात मित्र भेटले की ॲसिडिटीवर बोलतात. मी, पप्या आणि कैलास भेटलो की गाड्यांच्या गेमवर बोलतो. टी.व्ही. सेंटरजवळ शकीलभाईंचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात, पण आमचे किस्से काही आटत नाहीत. एक ओढला की दुसरा चिकटून येतोच. त्यात मला एका जागी बसून सांगता येत नाही, फेऱ्या मारत सांगावं लागतं.

तेव्हाही तसंच. मी गेम उभ्यानं खेळायचो. स्क्रीनवर गाडी डावीकडं वळली की मीपण डावीकडं, शेजारच्याच्या अंगावर. शकीलभाई म्हणायचे, "तेरे कू गाडी कायकू होना? तू खुदच भाग रहा!"

*

दुष्काळाची सालं होती. शहर जिकडं मोकळं दिसेल तिकडं पसरत होतं, हर्सूलच्या पुढंपर्यंत प्लॉटिंगचे फ्लेक्स लागले होते, अन् आमच्या नळाला पाणी मात्र मर्जी झाली की यायचं. बाकी सगळा कारभार टँकरवर. म्हणून पार्लरचा एक नियम होता. टँकर आला की रेस तिथंच सोडायची, सगळ्यांनी मिळून शकीलभाईंच्या घरचे ड्रम भरायचे आणि मग रेस पहिल्यापासून.

पप्यानं यातून वाट काढली. हरायला लागला की ओरडायचा, "टँकर आला!" आम्ही बाहेर पळायचो. गल्लीत एक शेळी उभी असायची, बाकी काही नाही. रेस मात्र रद्द.

एके दिवशी टँकर खरंच आला. पप्या घसा फाडून सांगत होता, कुणी जागचं हललं नाही. शेवटी आतून भाभी आल्या आणि त्यांनी टीव्हीची पिनच उपटली.

"अब भागो," म्हणाल्या. "जो फर्स्ट आया, बडा ड्रम उसका."

*

आमच्याकडचा मे महिना, त्यात पत्र्याचं छत. कन्सोल तापला की चित्र अडकायचं, म्हणून दुकानातला एकुलता एक टेबल फॅन कन्सोलकडं तोंड करून असायचा. आम्ही घामानं निथळतोय आणि मशीन हवा खातंय!

एकदा एका गिऱ्हाइकानं गुपचूप फॅन स्वतःकडं वळवला. शेवटचं वळण, मी पहिला, आणि माझी गाडी हवेत तरंगत थांबली. थांबली ती थांबलीच. मी दाराबाहेर जाऊन आलो, पाणी पिऊन आलो, गाडी हवेतच.

शकीलभाई त्या माणसाला शांतपणे म्हणाले, "भाई, आप घर जाके पंखे में बैठो. यहां मरीज अलग है."

*

कैलास बिडकीनचा. इथं खोली करून शिकायचा. त्यांचं रान विहिरीसकट कंपन्यांच्या वसाहतीत गेलं आणि त्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एक पांढरी मोठी गाडी घेतली. घरात चालवता कुणालाच येत नव्हती. गाडी दारात ताडपत्री पांघरून उभी. कुठं जायचं म्हणलं की गावातला एक ड्रायव्हर बोलवायचा आणि अप्पांनी स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखं मागं बसायचं. हे त्यांना लई लागायचं.

"बैलगाडी माझी मी हाकली, ट्रॅक्टर माझा मी हाकला," म्हणायचे. "ही बी मीच चालवणार." साऱ्या गावाला सांगून बसले होते.

कैलास आधी स्वतः गाडी शिकला आणि मग अप्पांना घेऊन शाळेच्या मैदानावर गेला. गाडी चालू व्हायच्या आत निम्मं गाव भिंतीवर येऊन बसलं. अप्पांनी एकदा भिंतीकडं बघितलं आणि खाली उतरले.

"लोकं बघायलेत," म्हणाले. "चल घरी."

म्हणून कैलासनं त्यांना शकीलभाईंकडं आणलं. निदान स्टिअरिंगची भीती तरी मोडेल. पार्लरमध्ये खेळायचं चाक होतं, पायाशी दोन पेडल होते. अप्पांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ब्रेक कंचा?"

शकीलभाई म्हणाले, "चाचा, इस गेम में ब्रेक कोई नहीं मारता."

"मंग मी नाय चालवत."

*

चालवली. रेस सुटली, सगळ्या गाड्या सुसाट गेल्या आणि अप्पांनी आपली गाडी कडेला घेतली.

"अप्पा, थांबू नका, दाबा!" मी ओरडलो.

"जाऊ दे त्यांना. घाई दिसती."

वळण लांब असतानाच ब्रेक. मागून कुणी आलं की पुन्हा कडेला. माझे हात असे शिवशिवत होते की मी ते बगलेत दाबून ठेवले. राहवलं नाही तेव्हा म्हणालो, "अहो, पुढच्याला गाठा तरी."

अप्पांनी स्क्रीनवरचा गोल नकाशा बघितला. "आन् पुढं जाऊन करू काय? फिरून हितंच यायचंय की."

*

एकदा गाडी कठड्याला धडकली. आमच्यातला प्रत्येक जण तासाला पन्नासदा धडकायचा. अप्पांनी चाक सोडलं, पाय आवरून घेतले आणि उठले.

"चाचा, रीस्टार्ट होता ना," शकीलभाई म्हणाले.

"गाडी ठोकली भाई. आज आता चालवायची नाय." त्यांनी आम्हाला सगळ्यांना चहा पाजला आणि खरंच एसटीनं बिडकीनला निघून गेले. पप्या त्या चहाला तेराव्याचा चहा म्हणतो.

*

पण भीती मोडली. मग कैलास त्यांना वसाहतीतल्या नव्या रस्त्यांवर न्यायला लागला. रस्ते विमान उतरेल एवढे रुंद, दोन्ही बाजूंनी दिव्याचे खांब, आणि कंपनी अजून एकही नाही. भिंतच नव्हती, त्यामुळं भिंतीवर बसणारेही नव्हते. तिथं अप्पा पहिल्या गिअरपासून चौथ्यापर्यंत शिकले.

मग एका रविवारी आम्हाला बोलावणं आलं. अप्पा गाडीत बसवून फिरवणार. शकीलभाई गुरू म्हणून पुढं, मी, पप्या आणि कैलास मागं. गाडी निघाली आणि खरं सांगतो, एकसुद्धा हिसका नाही. कैलासचा चेहरा बघण्यासारखा होता. मला भरून आलं होतं, आणि मी खिडकीची काच वर-खाली करत होतो.

एका ठिकाणी अप्पांनी गाडी हळू केली. पुढंमागं चिटपाखरू नव्हतं, तरी इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या खाली मातीत उतरवली.

"अप्पा, इथं वळण नाय," कैलास म्हणाला.

"हाय."

तेवढ्यात मोटरसायकलवरून वॉचमन आला. पोरगेलासा, बाहेरगावचा. "काका, आत यायला परवानगी नाही. गाडी मागं घ्या."

"मागं घ्यायचं अजून शिकलो नाय," अप्पा म्हणाले. "पुढून काढतो. पलीकडं रस्ता हाय ना?"

"आहे. सरळ जा मग, सगळं सपाटच आहे."

"सरळ कसं जाऊ? मधी हीर हाय."

वॉचमननं समोर बघितलं. आम्हीपण बघितलं. रोलर फिरवलेली लाल जमीन, विहीर सोडा, एकही खड्डा नाही, एकही झुडूप नाही. कैलास तेवढा खाली बघत होता.

अप्पांनी पहिला गिअर टाकला. निम्म्यावर गेल्यावर ब्रेक दाबला, हॉर्न दिला, चाक अख्खं फिरवून त्या सपाट जमिनीवर एक मोठा गोल वळसा घेतला आणि गाडी पलीकडच्या रस्त्याला लावली.